‘जाऊ दे’ म्हणणं मी सोडलं

बिघडलेल्या कामाबद्दल कारागिराला समोर उभं राहून सांगावं, त्याचंही ऐकून घ्यावं आणि विषय तिथेच मिटवावा, या मताची मी होते. लेखी तक्रार, कंपनीला मेल, ग्राहक आयोग ही भाषा मला नकोशी वाटे. त्यात समोरच्या माणसाबद्दल अविश्वास दिसतो आणि बहुतेक वेळा खालच्या एखाद्या पोराच्या पोटावर पाय येतो, असं मी म्हणत असे. हे मी घरात आणि शाळेच्या शिक्षकखोलीत अनेकदा ठासून सांगितलं आहे. आज माझं मत उलट झालं आहे. गाडीतल्या नेव्हिगेशनच्या एका दुरुस्तीने ते बदललं. ज्यांना मी जुनं मत ऐकवलं, त्यांना नव्या मतामागची कारणंही कळायला हवीत, म्हणून हे लिहिते आहे.

‘हातात मोबाईल असताना गाडीतल्या नकाशासाठी एवढा खटाटोप कशाला?’ असं मला बऱ्याच जणांनी विचारलं, त्याचं उत्तर आधी देते. माझं माहेर चिपळूणचं. वारज्याहून निघालं की बायपास, कात्रजचा नवा बोगदा, सातारा, उंब्रज, तिथून आत वळून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. आईचं दुखणं सुरू झाल्यापासून हा रस्ता मी एकटीच करते, कधी रात्री, कधी भर पावसात. घाटात रेंजचा भरवसा नसतो. फोनवर नकाशा आधी उतरवून ठेवता येतो हे खरं, पण बोगद्यात शिरलं की फोन आंधळा होतो, कारण उपग्रहांचे संदेश डोंगरातून आरपार येत नाहीत. जागा नक्की करायला निदान चार उपग्रह ‘दिसावे’ लागतात. गाडीत मुळातच बसवलेल्या यंत्राला आणखी दोन गोष्टी कळतात : गाडीचा वेग आणि गाडी किती वळली ते. त्या दोन गोष्टींवरून उपग्रह नसतानाही ते पुढची जागा मोजत राहतं. म्हणून आमच्या गाडीतला बाण कात्रजच्या बोगद्यातही सरळ चालत राहायचा.

याचा उपयोग काय, ते नवले पुलापाशी रात्री गाडी चालवणाऱ्याला विचारावं. तिथे हमरस्ता आणि सर्व्हिस रोड शेजारीशेजारी धावतात. बाण थोडा जरी बाजूच्या रस्त्यावर गेला, तरी यंत्र भलत्या ठिकाणी वळायला सांगतं आणि मागून उतारावर भरधाव ट्रक येत असतात. जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेल्या लोकांची गाडी नकाशाच्या भरवशावर अकोले तालुक्यात पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि एकाचा जीव गेला. तिथे दोष नकाशाचा होता, आमच्या गाडीत जागा ओळखण्याचा. पण रात्री अनोळखी वळणावर माणूस पडद्यावर विसंबतो, हे दोन्हीकडे सारखंच. तेव्हा ही चैनीची वस्तू आहे, आज ना उद्या बघू, असं मला म्हणता येईना.

आता प्रकरण. गाडीची वॉरंटी संपली होती. एके दिवशी डॅशबोर्डवरची स्क्रीन काळी पडली ती पडलीच. जिथून गाडी घेतली त्याच डीलरच्या वर्कशॉपमध्ये नेली. पूर्ण युनिट बदलावं लागेल असं त्यांनी सांगितलं, खर्च पाच आकडी होता, मी तो मान्य केला. गाडी परत आली तेव्हा स्क्रीन झळझळीत होती. गाणी लागत होती, रिव्हर्स कॅमेरा दिसत होता. सर्व्हिस ॲडव्हायझर चोवीस-पंचविशीचा, नम्र मुलगा होता. गेटपासवर सही घेताना म्हणाला, “मॅडम, कंपनीकडून फीडबॅकचा फोन येईल. दहापैकी दहा द्या प्लीज, नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात.” फोन आला तेव्हा मी दहा दिले. मला ते माणुसकीचं वाटलं.

त्यानंतर चिपळूणला निघाले आणि बाण कात्रजच्या बोगद्याच्या तोंडाशीच थांबून राहिला. बाहेर आल्यावरही बराच वेळ तो डोंगरावरच होता, मग एकदम उडी मारून खेड शिवापूरच्या अलीकडे आला. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा तो रस्ता सोडून शेतात जायचा. अजून एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वी गाडीने वेग घेतला की गाण्याचा आवाज आपोआप थोडा वाढायचा, आता तो वाढत नव्हता. आणि डॅशबोर्डच्या पट्टीतून खडबडीत रस्त्यावर कुरकुर ऐकू येऊ लागली होती.

मी वर्कशॉपमध्ये गेले, तोंडी सांगितलं. मुलगा म्हणाला, सॉफ्टवेअर अपडेट करून देतो. केलं, फरक पडला नाही. पुन्हा गेले तेव्हा म्हणाला, नकाशा जुना आहे, नवा विकत घ्यावा लागेल. नकाशा जुना असेल तर नवा रस्ता त्यात नसेल, पण माझा बाण जुन्या रस्त्यावरूनही घसरत होता. त्यानंतर फोनवर दोष गेला. एकदा तर “सरांना पाठवता का, त्यांना टेक्निकल समजावून सांगतो” असंही झालं. गाडी मी चालवते, बिल मी भरलं आणि बिघाड माझ्या डोळ्यांसमोर झाला होता. पण तेव्हाही मी आवाज चढवला नाही आणि काही लिहूनही दिलं नाही. मुलगा दर वेळी सांगायचा, “मॅडम, माझ्यावर सोडा, मी वरच्यांशी बोलून फुकटात करून देतो.” त्याच्या शब्दावर मी निघून येत असे.

मग एकदा गेले तर तो मुलगा तिथे नव्हता. नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्याने संगणकावर माझ्या गाडीचा क्रमांक टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. प्रत्येक जॉब कार्डावर तक्रारीच्या रकान्यात ‘नेव्हिगेशन तपासणे’ आणि निष्कर्षाच्या रकान्यात ‘ओके’. बोगद्याचं नाव नाही, गाण्याच्या आवाजाचा उल्लेख नाही, फुकटात करून देण्याच्या शब्दाचा तर मागमूस नाही. खाली माझा अभिप्राय : दहापैकी दहा. मॅनेजर शांतपणे म्हणाले, “मॅडम, आमच्या रेकॉर्डप्रमाणे तुम्ही पूर्ण समाधानी आहात.”

माझं मत तिथे बदललं. मॅनेजर खोटं बोलत नव्हते, त्यांच्यासमोर जे होतं तेच ते वाचत होते. मी ज्याला सांभाळून घेत होते तो मुलगा नोकरीत टिकलाच नव्हता. मी कंपनीपर्यंत काही पोचू दिलं नाही म्हणून त्याच्यावरचा ताण कमी झाला, असंही दिसलं नाही. उलट दर वेळी माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला गोड बोलून परत पाठवण्याचं काम त्यालाच करावं लागत होतं. ज्याने स्क्रीन बसवताना घाई केली, ज्याने त्याला घाई करायला लावली आणि ज्याने रोड टेस्ट न घेता गाडी बाहेर सोडली, त्यांच्यापर्यंत माझा एक शब्दही गेला नव्हता.

माझा एक जुना विद्यार्थी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याला गाडी दाखवली. त्याने काहीही न उघडता आधी एक साधी गोष्ट केली. माझ्या फोनवर नकाशा उघडला, बाण बरोबर आम्ही उभे होतो तिथे. मग फोन केबलने गाडीला जोडला आणि तोच नकाशा गाडीच्या स्क्रीनवर आला तेव्हा बाण दोन गल्ल्या पलीकडे. केबल काढली, बाण जागेवर. “बाई, फोन गाडीला जोडला की बऱ्याच गाड्यांमध्ये तो गाडीच्या अँटेनावरून जागा घेतो. म्हणजे फोन चांगला आहे, गाडीकडून चुकीची माहिती येते. आणि आवाज वाढत नाही म्हणजे वेगाचा सिग्नलही युनिटला मिळत नसणार. बोगद्यात बाण त्यामुळेच थांबतो.” मी म्हटलं, मग तूच उघडून बघ की. तो म्हणाला, “नको बाई. पैसे त्यांनी घेतलेत, उघडायचं त्यांनीच. मी हात लावला तर उद्या म्हणतील, बाहेरच्याने बिघडवलं.” ही सूचना फार मोलाची होती. वाद मिटेपर्यंत तिसऱ्याला पॅनेल उघडू देऊ नये.

त्या रात्री मी पत्र लिहिलं. त्यात रागाचा एकही शब्द घातला नाही. गाडीचा क्रमांक, बिलाचा क्रमांक आणि तारीख, काय बदललं, किती पैसे दिले. दुरुस्तीपूर्वी काय चालत होतं, दुरुस्तीनंतर काय चालत नाही. कुठे, कशा परिस्थितीत बिघाड दिसतो. फोन जोडून आणि काढून केलेली चाचणी, तिचा छोटा व्हिडिओ सोबत. नंतर मागण्या : कोणाही जाणकाराने माझ्यासोबत बसून बोगद्यातून रोड टेस्ट घ्यावी, युनिट काढून सगळे जोड तपासावेत, कारण लेखी द्यावं, चूक दुरुस्तीतली असेल तर मजुरी न आकारता ती सुधारावी. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत. पूर्वी दिलेला अभिप्राय दोष कळण्याआधीचा आहे, तो समाधानाचा पुरावा धरू नये, हेही लिहिलं. पत्र मेलने डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवलं, छापील प्रत स्पीड पोस्टाने.

मुदत संपायच्या आत फोन आला. कंपनीकडून एक अनुभवी तंत्रज्ञ आले होते. ते माझ्या शेजारी बसले, मी गाडी बोगद्यातून नेली, बाण थांबला. त्यांनी वाद घातला नाही. परत आल्यावर माझ्यासमोर पॅनेल उघडलं. युनिटच्या मागे जाड वायरींच्या झुपक्यात एक निळ्या टोकाची बारीक केबल होती. ती उपग्रहांच्या अँटेनाची. टोक खाचेत अर्धवट शिरलेलं होतं. त्यांनी अंगठ्याने दाबलं तेव्हा खटकन आवाज आला. “हा आवाज आला नाही तर ती बसलेली नसते,” ते म्हणाले. मग मोठा कनेक्टर बाहेर काढून त्यांनी मला विजेरीच्या उजेडात एक पिन दाखवली. बाकीच्या पिनांच्या रांगेतून ती मागे सरकली होती. वेगाचा सिग्नल तिथे तुटत होता. पट्टीची एक क्लिपही मोडलेली निघाली, कुरकुर तिचीच होती. जॉब कार्डावर या वेळी ‘ओके’ नव्हतं. केबल नीट न बसणं, पिन सरकणं, क्लिप मोडणं, तिन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या. काम विनामूल्य झालं आणि आधीच्या मजुरीतला काही भाग परत मिळाला.

आता माझ्या जुन्या मताकडे येते. लेखी तक्रार म्हणजे अविश्वास, असं मी म्हणायचे. माझ्या वडिलांचं चिपळूणला किराणा दुकान होतं. पिढीजात गिऱ्हाइकाचीही उधारी ते त्याच्यादेखत वहीत लिहायचे, आणि त्या लिहिण्यामुळे कोणाशी कधी संबंध तुटल्याचं मला आठवत नाही. लिहिलेलं दोघांनाही बांधून ठेवतं. माझं पत्र वाचून त्या तंत्रज्ञांना पहिल्या दिवशीच कळलं की बोगद्यात जाऊन बघायचं आहे. मी काउंटरवर जे तोंडी सांगत होते ते कार्डावर येईपर्यंत ‘नेव्हिगेशन तपासणे’ एवढंच उरत होतं. उभ्या गाडीत स्क्रीन चालू करून बघणाऱ्याला खरोखरच सगळं ओके दिसणार.

खालच्या पोराच्या पोटावर पाय येतो, हे माझं दुसरं म्हणणं. नीट लिहिलेल्या तक्रारीत माणसाचं नाव लागत नाही, कामाचं लागतं. मी त्या मुलाचं नाव कुठेही घातलं नाही. दहापैकी दहाच्या सक्तीबद्दल मात्र कंपनीला स्पष्ट लिहिलं. पगाराचा भाग गिऱ्हाइकाच्या आकड्यावर टांगून ठेवला की गिऱ्हाईक दयेपोटी खोटा आकडा देतं आणि बिघाड कंपनीपर्यंत जातच नाही. अशा पोरांची कणव असेल तर ती प्रथा बंद व्हावी म्हणून लिहिलं पाहिजे. त्या मुलाला दहा गुण देताना मला जे समाधान वाटलं होतं, ते आज वाटत नाही.

तिसरं म्हणणं होतं की कायद्याची वाट सामान्य माणसाची नाही. मला आयोगाकडे जावं लागलं नाही, पण पत्र लिहिण्याआधी मी कायदा वाचला आणि त्यामुळे पत्रात ताकद आली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात सेवेतील त्रुटीची व्याख्या चांगली रुंद आहे : निष्काळजीपणा, करायचं ते न करणं आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं, हे सगळं तिच्यात येतं. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते, डीलरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची, म्हणून तोंडी आश्वासनांवर महिने घालवणं आपल्यालाच महागात पडतं. त्याआधीची पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. निकाल 3 महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर 5 महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात विलंब होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आयोग पुरावा मागतो, आणि पुरावा पहिल्या दिवसापासून गोळा केलेला असावा लागतो. तारखा, जॉब कार्डं, व्हिडिओ, मेल हे जवळ असले की बहुतेक वाद त्या दारापर्यंत जात नाहीत, असं आता मला वाटतं.

आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. ग्राहक कायदा 1986 साली आला, त्याच्या आधी, सत्तरच्या दशकात बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. गिऱ्हाइकाने संघटित व्हावं, हिशोब मागावा, हे तेव्हा शिकवलं गेलं. आमच्या पिढीने ते ऐकलं, आणि तरीही माझ्यासारखी कितीतरी माणसं ‘जाऊ दे, कशाला वाढवायचं’ म्हणून काउंटरवरून परत फिरत राहिली. मोठ्या रकमेची फसवणूक झाली तर आपण पेटून उठतो. अर्धवट बसलेली केबल मात्र आपल्याला किरकोळ वाटते. पण माझ्या गाडीत ज्या हातांनी ती अर्धवट बसवली, त्याच हातांनी त्या आठवड्यात दुसऱ्या गाड्याही उघडल्या असतील. त्या गाड्यांच्या मालकांना आपला बाण का भरकटतो हे कळलंही नसेल.

जुन्या मतातली एक गोष्ट मी सोडलेली नाही. ओरडू नये, कर्मचाऱ्याचं चित्रीकरण करून त्याला गावभर नाचवू नये, कोर्टाची धमकी पहिल्याच वाक्यात देऊ नये. गाडीखाली हात काळे करणारा माणूस आपलाच आहे. पण त्याच्याशी नीट वागणं आणि त्याच्या मालकाकडे हिशोब मागणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे मला पूर्वी वाटत नव्हतं, आता वाटतं.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे. दुरुस्तीला गाडी देताना जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत, बिघाड कुठे आणि केव्हा दिसतो त्यासकट लिहून घ्या. रोड टेस्ट घेतल्याशिवाय गेटपासवर सही करू नका. बदललेला जुना भाग दाखवायला सांगा. फीडबॅकचा फोन आला तर खरा आकडा सांगा. आणि पहिल्या खेपेला काम झालं नाही, तर दुसऱ्या खेपेला जाण्याआधी पत्र पाठवा.